पहिलं घर कोणी घेत नाही

पहिलं घर कोणीच घेत नाही, हे अंजनाबाईंना घरं दाखवणारे कार्यक्रम दोन वर्षं बघून पक्कं ठाऊक झालं होतं. त्यामुळे टीव्हीच्या पडद्यावर आपल्याच मळ्यातल्या घराचं निळं दार आलं आणि त्याखाली पिवळ्या अक्षरांत ‘घर पहिलं’ अशी पाटी उमटली, तेव्हा त्यांच्या हातातली सांबाराची, म्हणजे सुनेच्या भाषेत कोथिंबिरीची, जुडी अर्धी निवडलेली तशीच मांडीवर राहिली. शेजारी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या सकीनाभाभींनी टाळी वाजवली. “आलं, आलं! अंजनाबाई, तुमचंच दार हाये थे!” अंजनाबाईंना दार ओळखू आलं होतं, पण ते आपलं आहे असं वाटेना. तीस वर्षं त्या दारातून आत-बाहेर करताना त्यांनी ते कधी असं समोर उभं राहून, हात रिकामे ठेवून पाहिलंच नव्हतं. दाराजवळ गेलं की हातात घमेलं असायचं, नाहीतर घागर, नाहीतर दिनेश लहान होता तेव्हा दिनेश. आता ते दार आपल्याआपण उघडलं, आतून मंद संगीत वाजू लागलं, आणि निवेदिका म्हणाली, “चला तर मग, आत जाऊ या.” वाशिमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, दुपारी, पंख्याखाली बसून अंजनाबाई स्वतःच्या घरात शिरल्या.

हे घर बघण्याचं वेड नवरा, बापूराव, गेल्यानंतरचं. मळ्यातून उचलून मुलानं, दिनेशनं, त्यांना इथं आणलं. दिनेशचं खता-बियाण्याचं दुकान, सून सुचिताची शाळेतली नोकरी, दुपारभर घर सुनं. एकदा रिमोटची बटणं दाबता दाबता एक कार्यक्रम लागला. परदेशातलं एक गोरं जोडपं शहराला कंटाळलेलं, त्यांना गावाकडं घर हवं असतं, आणि एक हसरी बाई त्यांना तीन घरं दाखवते. सगळे गोरे लोक हिंदीत बोलत होते, त्यामुळे अंजनाबाईंना ते परके वाटले नाहीत. हिरव्या टेकड्या, दगडी भिंती, आणि प्रत्येक घरात शिरल्यावर बाई “ओह, कितना सुंदर!” म्हणणार. खालच्या मजल्यावरच्या सकीनाभाभीही रोज चारच्या सुमाराला वर येऊ लागल्या. त्यांच्या नवऱ्याच्या, रहमतुल्लाभाईंच्या, भाजीबाजारातल्या अडतीवर बापूरावांची वांगी पंचवीस वर्षं उतरली होती, पण दोघींची खरी ओळख झाली ती या परदेशी घरांमुळे. दोघींनी मिळून इंग्लंडातली शंभरेक घरं नापास केली असतील. “इतकं गवत, अन् एक बी बकरी नाई,” सकीनाभाभी म्हणायच्या. अंजनाबाईंना निराळंच काही खटकायचं. घर दाखवताना ओट्यावर फळं असायची, पलंगावर चादर ताणलेली असायची, खिडकीत फुलं ताजी असायची. म्हणजे सकाळपर्यंत तिथं कोणीतरी बाई वावरत होती. मग ती गेली कुठं? घेणारे हसतात, रुसतात, भांडतात, पण विकणारं माणूस एकदाही दिसत नाही. “बाजारात गेली असन,” सकीनाभाभींनी सोडवून टाकलं. पण अंजनाबाई रात्री जेवतानाही मधूनच त्या न दिसलेल्या बाईचा विचार करायच्या, आणि सुचिता विचारायची, “आई, भाजी खारट झाली का?”

आणि मग तोच खेळ मराठीत निघाला, आणि त्याची माणसं घरं शोधत वाशिम जिल्ह्यात आली. मळ्यातलं घर विकायचं हे त्याआधीच ठरत आलं होतं. जमीन दिनेश ठेवणार होता, ती सोजरबाई आणि तिचा नवरा बटईनं, निम्म्या वाट्यानं, करत होते. पण रिसोड रोडला लागून असलेलं घर आणि त्याभोवतीचा तुकडा एका व्यापाऱ्याला सोयाबीनच्या गोडाऊनसाठी हवा होता. घर पाडून तो पत्र्याचं शेड उभारणार होता. दिनेशला त्यात काही वाईट वाटलं नाही, आणि त्याचा दोष नव्हता. “तुलेच तं थे घर कधी आवडलं नाई, आई,” तो म्हणाला होता. “साप निंघते, लाइन राह्यत नाई, दवाखाना दूर. मी तं लहानपणापासून आयकून राह्यलो.” अंजनाबाईंनी मान हलवली होती. हे सगळं त्या बोलल्याच होत्या. फक्त त्यांनी एवढंच धरून ठेवलं की, घर कोणी राहायला घेत असेल तर आधी त्याला द्यायचं. म्हणून कार्यक्रमाचा सतीश नावाचा माणूस दुकानात येऊन नागपूरचं एक जोडपं इकडे घर बघतंय म्हणाला, तेव्हा दिनेशनं घर दाखवायला होकार दिला. जोडप्यानं कोणतं घर निवडलं हे मात्र भाग दाखवला जाईपर्यंत कोणालाच सांगायचं नाही, अशी त्यांची अट. संक्रांतीच्या आगेमागे शूटिंग झालं, आता होळी तोंडावर आली, आणि गोडाऊनवाला शेठ रोज फोन करत होता. आज टीव्हीवर काय ते कळणार, आणि संध्याकाळी शेठला हो किंवा नाही सांगायचं.

पडद्यावर ओसरी आली. इतकी मोठी कधी झाली ती? अंजनाबाईंना वाटलं, यांनी भिंती ओढून लांब केल्या की काय. ओसरीवर मिरच्या वाळत असायच्या, बारदानं पडलेली असायची, वांग्याच्या क्रेट असायच्या, माणूस कडेकडेनं चालायचा. आता मोकळ्या ओसरीवर पिवळं ऊन पडलं होतं. कवेलूंच्या, छपरावरच्या कौलांच्या, फटीतून येणारं ते ऊन त्यांना अंगावर ओळखू आलं. त्याच्याबरोबर ओल्या बारदानाचा वास आला, पहाटे तोडलेल्या मेथीचा, बापूरावांच्या बिडीचा, आणि विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर दाबल्यावर येणारा तो खट्ट आवाज. लाइन, म्हणजे वीज, आली की रात्री कोणत्याही वेळेला बापूराव उठायचे, तो खट्ट व्हायचा, मग घटकाभरानं हौदात पाणी पडू लागायचं, आणि त्या आवाजात त्यांना पुन्हा झोप लागायची. या फ्लॅटमध्ये चोवीस तास पाणी होतं, पण त्याला आवाज नव्हता. निवेदिका आता स्वयंपाकघरात पोचली होती. “ही खिडकी बघा,” ती म्हणत होती, “ही जरा चुकीच्या उंचीवर बसली आहे, पण हे सहज बदलता येईल.” कॅमेरा वाकला. जमिनीपासून हातभर उंचीवरची ती खिडकी. सकीनाभाभींनी अंजनाबाईंकडे बघितलं. “खरंच वं, इतकी खाली काहून?” अंजनाबाई म्हणाल्या, “असंच. मिस्त्री येडा होता.”

मिस्त्री वेडा नव्हता. मिस्त्री तर भांडला होता. खिडकी इतकी खाली कोणी ठेवते का, गाढव तोंड घालीन, असं म्हणाला होता. बापूरावांनी त्याला चुलीच्या जागेवर पाटावर बसवलं, आणि बसल्याजागी त्याच्या डोळ्यासमोर भिंतीवर कोळशानं चौकोन काढला. त्या चौकोनातून वांग्याचा वाफा दिसायचा, आणि वाफ्यात काम करणारे बापूराव. भाकरी थापताना मान वर केली की त्यांचा पांढरा शर्ट. शर्ट कडुलिंबाच्या सावलीकडे वळला की चहा ठेवायचा, हे अंजनाबाईंना कोणी शिकवलं नव्हतं. पण घरभरणीच्या दिवशी लोक जेवून गेल्यावर बापूराव ओसरीवर बसले आणि त्यांनी विचारलं, “कसं झालं वं घर?” तेव्हा अंजनाबाई म्हणाल्या, “ठीक हाये. पन न्हानीचं पानी उलटं येईन.” दुसऱ्या दिवशी बापूरावांनी न्हाणीची फरशी उचकटली आणि उतार नीट करत बसले. अंजनाबाईंनी त्यांना दोनदा चहा नेऊन दिला. त्या घरात मायेचं बोलणं असं न्हाणीच्या उतारावरून चालायचं, आणि कोणाला त्यात काही उणं वाटत नव्हतं.

कारण आपल्या वस्तूला आपण चांगलं म्हणायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. घराला झोपडं म्हणायचं, पोराला काळं म्हणायचं, भाजी चांगली झाली तर मीठ कमी पडलं म्हणायचं. चांगलं म्हटलं की नजर लागलीच म्हणून समजा. बापूरावांची वांगी तर अशी यायची की रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवायचा. “काय माल हाये बापूराव!” की लगेच बापूराव, “कायचा माल बापा, निरा किडका हाये.” वाफ्याच्या मधोमध बांबूवर काळं मडकं उलटं टांगलेलं, त्यावर चुन्याचे ठिपके, बघणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जावी म्हणून. अंजनाबाईंनी घरासाठी मडकं टांगलं नाही, त्या स्वतःच ते काम करायच्या. कोणी बाई मळ्यात आली आणि “किती गार वाटते वं तुह्या घरात” म्हणाली, की त्यांचं सुरू व्हायचं. गार कायचं माय, साप निंघते. लाइन नाई. गावात खोली घेऊन द्या म्हणून यायच्या मागं लागून राह्यली मी. बाई गेली की त्या निवांत होऊन ओसरीवर बसायच्या, आणि घर शाबूत राहायचं. लहानगा दिनेश तिथंच कुठेतरी खेळत असायचा आणि ऐकत असायचा, हे त्यांच्या कधी ध्यानात आलं नाही. पोरांना हे सांगावं लागतं का? त्यांना वाटलं होतं, रीत आहे, कळतेच.

“पाहा, पोरगी आली,” सकीनाभाभी म्हणाल्या. पडद्यावर तनुजा होती, निळ्या कुर्त्यात, आणि तिचा नवरा शिवम, ज्याला प्रत्येक भिंतीवर टकटक करून बघायची सवय होती. शूटिंगच्या दिवशी अंजनाबाईंनी घर सारवून घेतलं होतं, उंबऱ्यावर रांगोळी, आलूपोहे, मुरमुऱ्याचा चिवडा. पोरगी दाखवायला काढावी तशी तयारी. आणि पोरगी दाखवताना जे करतात तेच त्यांनी केलं. जोडपं गाडीतून उतरताच ओसरीवर उभं राहून घराच्या खोडी मोजून दाखवल्या. कवेलू गळते. न्हानी लहान हाये. आंधी आली का धूळ येते. समोरच्यानं मग म्हणायचं असतं, “असू द्या हो, मानसं चांगली पायजे.” पण सतीशनं घाईघाईनं हात वर केला. “मावशी, प्लीज. तुम्ही जरा फ्रेमच्या बाहेर थांबा ना. प्रेक्षकांना घर रिकामं दिसायला पाहिजे. तरच त्यांना तिथं स्वतःला बघता येतं.” मग त्या गोठ्यात जाऊन थांबल्या. बरोबर सोजरबाई. दोघी रिकाम्या गव्हाणीच्या काठावर बसून आपल्याच घरातून येणारी परकी पावलं ऐकत राहिल्या. टकटक, टकटक, शिवम भिंत वाजवत होता. तेव्हा अंजनाबाईंना एकदम समजलं की ती इंग्लंडातली बाई बाजारात गेलेली नसते. ती गोठ्यात असते. त्यांना हसू आलं आणि मग रडू आलं, आणि सोजरबाईला त्यांनी सांगितलं की डोळ्यात कुटाराचं भुसकट गेलं.

ओटीचं मात्र टीव्हीवर दाखवलं नाही. पहिल्यांदा सवाष्ण बाई उंबरा ओलांडून आली, ती रिकामी कशी जाणार, म्हणून अंजनाबाईंनी खण-नारळ आणि गहू काढून ठेवले होते. स्वतः भरणं शक्य नव्हतं. बापूरावांनंतर त्यांचे हात अशा कामातून आपोआप मागे झाले होते. कोणी सांगितलं नाही आणि कोणी थांबवलंही नाही. त्यांनी सोजरबाईला पुढं केलं. कॅमेरावाले सामान आवरत होते, तनुजा मागच्या खोलीत एकटीच उभी होती. ताट बघून ती घाबरल्यासारखी झाली. “नको काकू, मला नको. खरंच नको.” लाजते पोरगी, असं अंजनाबाईंना वाटलं. “असं नाई म्हनाव माय. घेऊन घे.” तनुजानं ताटाकडे बघितलं, सोजरबाईकडे बघितलं, आणि मग म्हणाली, “मग तुम्ही भरा. घर तुमचं आहे ना? तुम्हीच भरा.” सोजरबाईनं तोंडाला पदर लावला. अंजनाबाईंनी ओंजळीत गहू घेतले आणि तनुजाच्या ओढणीत टाकले, थोडे जमिनीवर सांडले. तनुजानं ते वाकून वेचले. जाताना तिनं विचारलं, “काकू, तुम्हाला का विकायचंय हे घर?” इतक्या महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. अंजनाबाईंनी तोंड उघडलं, आणि सवयीनं तेच बाहेर पडलं. “काय करता ठेवून? झोपडं हाये.”

दुसरं घर मानोऱ्याकडचं निघालं. मोठं अंगण, पण रस्ता नाही. शिवमनं तिथल्याही भिंती वाजवून घेतल्या. जाहिराती लागल्या तेव्हा दिनेश दुकानातून आला, चपला काढता काढता म्हणाला, “झालं का आपलं?” सकीनाभाभी म्हणाल्या, “आपलं झालं, दुसरं झालं, आता तिसरं.” दिनेश उभाच राहिला. त्याच्या हातात फोन होता. “शेठचा आताच आलता. म्हटलं अर्ध्या घंट्यात सांगतो.” अंजनाबाई पडद्याकडे बघत राहिल्या. त्यांना त्या क्षणी फार वाटत होतं की तनुजानं आपलं घर म्हणावं. पहिलं घर कोणी घेत नाही हे खरं, पण कधीतरी कोणीतरी घेतलं असेलच की. तनुजा सकाळी उठून दार उघडेल, कोणती भाजी लावेल कोण जाणे, नागपूरच्या पोरीला काय येणार, पण सोजरबाई आहे सांगायला. अंजनाबाईंनी तिला मनातल्या मनात मोटारीचा स्टार्टर कसा दाबायचा तेसुद्धा शिकवून टाकलं.

तिसरं घर मंगरूळपीरच्या बाजूचं. ते दाखवताना सूर्य मावळत होता. जोडपं आत शिरलं तेव्हा आत अंधार होता, आणि निवेदिका म्हणत होती, “थांबा हं, लाइट कुठं आहे बघू या…” तनुजा शिवमशी काहीतरी बोलत होती. बोलता बोलता, भिंतीकडे न बघता, तिनं डावा हात दाराच्या चौकटीमागे नेला आणि बटण दाबलं. खोली उजळली. क्षणभराचंच काम. सकीनाभाभींना दिसलं नाही, दिनेशला दिसलं नाही. अंजनाबाईंना मात्र दिसलं. नव्या घरात माणूस बटण शोधतं. भिंत चाचपतं, दोन-तीन दाबून बघतं, चुकून पंखा लावतं. या फ्लॅटमध्ये आल्यावर त्या स्वतः किती महिने न्हाणीघराचा दिवा लावायला जाऊन बाहेरचा लावत होत्या, आणि मळ्यातल्या घरात त्यांचा हात झोपेतसुद्धा चुकला नसता. हात असा आपल्याआपण जातो तो फक्त आपल्या घरात. ही पोरगी इथं राहते. हे घर तिनं केव्हाच घेतलंय. आपल्या ओसरीवर ती आली, तेव्हाच तिला घर होतं.

त्यांना राग यायला हवा होता. त्या वाट बघत राहिल्या, पण राग काही आला नाही. ‘नको काकू, मला खरंच नको,’ हे तनुजाचं बोलणं तेवढं पुन्हा कानात आलं, आणि आता त्याचा अर्थ लागला. लाजत नव्हती बिचारी. खोट्या कामासाठी आली होती आणि खरी ओटी घ्यायला धजत नव्हती. पडद्यावर तिघं अंगणात खुर्च्या टाकून बसली होती, निवेदिका विचारत होती, संगीत थांबलं होतं, आणि शिवम फार विचार केल्यासारखा चेहरा करून म्हणाला, “आम्ही ठरवलंय… घर तिसरं!” टाळ्या. तनुजा हसली नाही, किंवा हसली असेल, कॅमेरा तोवर दिव्यांवर गेला होता. “जाऊ द्या,” सकीनाभाभी म्हणाल्या, “त्यायच्या नशिबात नव्हतं तुमचं घर.” दिनेश हळूच म्हणाला, “मंग आई, शेठले हो म्हनू ना?” त्याच्या आवाजात घाई नव्हती, उलट काळजी होती. आईच्या डोक्यावरचं एक ओझं उतरवतोय असंच त्याला वाटत होतं. अंजनाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. याचे कान बापूरावांसारखे आहेत, हे त्यांना उगाच आत्ता दिसलं. बापूरावांनाही मी जे बोलले तेच ऐकू आलं असेल का? न्हाणीची फरशी उचकटताना त्यांना काय वाटत होतं? तीस वर्षं तो माणूस त्या घरात माझ्याबरोबर राहिला, आणि घर बायकोला आवडत नाही असं समजून गेला असेल तर?

त्यांचा स्वतःचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. “काकू, मी तनुजा. शूटिंगच्या दिवशी तुमचा नंबर घेतला होता सोजरबाईंकडून. बघितलंत?”

“पाह्यलं.”

“काकू, मला माफ करा. हे घर आम्ही दिवाळीतच घेतलं होतं. कार्यक्रमात तीन दाखवावी लागतात म्हणून बाकीची दोन. तुम्ही ओटी भरत होतात तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं.”

“समजलं मले. तू बटन दाबलं ना अंधारात, तवाच समजलं.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. मग अंजनाबाईच म्हणाल्या, “रडू नको माय. ओटी भरली थे काई खोटी नाई. सुखानं राहा त्या घरात.”

“काकू, एक सांगू? शपथेवर सांगते, कार्यक्रमासाठी नाही. तुमचं घर मला फार आवडलं होतं. आमच्या घरापेक्षा जास्त.”

आणि अंजनाबाईंच्या जिभेवर ते आयतं तयार होतं. कायचं आवडते माय, झोपडं हाये, साप निंघते. ओठ हललेसुद्धा. पण कोणापासून जपायचं होतं आता? संध्याकाळपर्यंत तर ते घर गोडाऊनवाल्या शेठचं होणार होतं. त्यांनी फोन घट्ट धरला.

“मले बी,” त्या म्हणाल्या. “मले बी लय आवडे थे घर.”

दिनेशनं मान वर केली. अंजनाबाईंनी फोन खाली ठेवला तेव्हा तो त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसा बघत होता. “काय म्हटलं तू? तुले आवडे?”

“हो.”

“अन् जिंदगीभर झोपडं झोपडं करत राह्यली! मले वाटलं तुले तिथून काढलं तं सुटली आई. मी तुह्यासाठी इकून राह्यलो होतो थे. सांगतलं काहून नाई?”

“आपल्याच घराले आपून चांगलं म्हनतो का कधी? नजर लागते.”

“अन् बाबाले? बाबाले तरी सांगतलं होतं?”

अंजनाबाईंनी नाही म्हणून मान हलवली. “थे समजून गेले असन,” त्या म्हणाल्या, पण आवाज खात्रीचा नव्हता.

“मर्द लोकायले समजत नाई, अंजनाबाई,” सकीनाभाभी म्हणाल्या. “त्यायले सांगा लागते.” त्यांनी टीव्ही बंद केला. “आता लेकाले तरी सांगा. मी बसली इथी. मधामधात माशाअल्लाह म्हनत जाईन, म्हनजे नजर नाई लागत.”

अंजनाबाईंना सुरुवात कुठून करावी कळेना. चांगलं बोलायची सवयच नव्हती, तोंडात शब्द कोरडे पडत होते. “मांगच्या पायरीवर,” त्या म्हणाल्या, “उन्हायात सांजच्याला बसलं ना, तं पाय गार होये. दिवसभर अंग जळालं असन तरी. तुहे बाबा बी तिथीच येऊन बसत.” त्या थांबल्या. काही झालं नाही. भिंती जागेवर होत्या. “अन् पानी पडलं का कवेलूवर असा आवाज होये, का आपसात बोलनं आयकू नाई ये. मंग आमी बोलतच नव्हतो. नुसते बसून राहो.” “माशाअल्लाह,” सकीनाभाभी म्हणाल्या. अंजनाबाई पुढं बोलत राहिल्या, “तू झाला तं त्या मधल्या खोलीत. तवा दाई म्हने, या खोलीत काय उजेड हाये वं. मले इतकं बरं वाटलं होतं. अन् मी म्हटलं, कायचा उजेड.” त्यांचे डोळे वाहू लागले होते आणि त्या ते पुसत नव्हत्या.

दिनेशच्या हातातला फोन वाजू लागला. शेठ. त्यानं तो जरा वेळ वाजू दिला, मग कानाला लावला. “हो शेठजी. नाई, आज नाई जमत. उद्या बी नाई. नाई, पैशाचं काई नाई.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. दिनेशनं आईकडे बघितलं. “घरी काम हाये,” तो म्हणाला. “आई सांगून राह्यली.”

त्यानं फोन बंद केला आणि अंजनाबाईंच्या समोर खाली फरशीवर मांडी घालून बसला.

“हं,” तो म्हणाला. “मंग?”